भूल

परवां चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला. नव्या नोकरींत विम्याचा अर्ज भरावयाचा होता, आणि त्यांत 'यापूर्वीं झालेल्या शस्त्रक्रिया' असा एक रकाना होता. "बाबा, लहानपणीं माझं कसलंसं ऑपरेशन झालं होतं ना? कसलं, आणि कोणत्या सालीं?" असें त्यानें विचारलें. आम्हीं साल सांगितलें, महिना सांगितला, आणि शस्त्रक्रियागृहाचें दार किती वाजतां मिटलें व किती वाजतां उघडलें तेंहि सांगूं लागलों. तेव्हां तो हंसून म्हणाला, "बाबा, नुसतं साल पुरे. रकाना एवढासाच आहे."

रकाना एवढासाच होता, आणि त्यांत जावयाचें तें एका ओळींत गेलेंहि: 'उजव्या बाजूचा अंतर्गळ, सन २०००.' फोन ठेवल्यावर मात्र आमच्या लक्षांत आलें कीं, या गोष्टीचा जो भाग कोणत्याच अर्जाच्या रकान्यांत मावत नाहीं तो आम्हीं आजवर कोणालाहि, आणि विशेषतः ज्याला सांगावयास हवा होता त्याला, सांगितलेला नाहीं. तो भाग शस्त्रक्रियेचा नाहीं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तो आमच्या एका खोट्याचा आहे.

चिरंजीव तेव्हां दोन वर्षांचे होते. एके दिवशीं आंघोळ घालतांना आजीला त्याच्या उजव्या जांघेंत एक फुगवटा दिसला. मूल रडलें कीं तो लिंबाएवढा होई, आणि निजलें कीं पुसून टाकल्यासारखा नाहींसा होई. आजीनें रोग बरोबर ओळखला. "अंतर्गळ आहे," ती म्हणाली, आणि तांब्याचें एक जुनें नाणें शोधावयास उठली. नाणें फडक्यांत गुंडाळून फुगवट्यावर घट्ट बांधावें म्हणजे तो आंत बसतो, हा उपाय तिच्या माहेरीं तीनचार मुलांना लागू पडलेला होता.

मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलों त्यांनीं नाण्याची थट्टा केली नाहीं. त्यांनीं कागदावर चित्र काढून सारें समजावून सांगितलें. मुलगा आईच्या पोटांत असतांना त्याचें वृषण त्याच्या पोटांत असतें. जन्मापूर्वीं तें खालीं उतरतें, आणि उतरतांना पोटाच्या आंतल्या अस्तराची एक बारीक पिशवी त्याच्याबरोबर खालीं येते. पाहुणा आंत आल्यावर दार लावून घ्यावें तशी ही पिशवी जन्माच्या सुमारास मिटावयाची असते. कांहीं मुलांत ती उघडीच राहते, आणि तींतून आंतडें खालीं डोकावूं लागतें. उजव्या बाजूचें वृषण उशिरां उतरतें, म्हणून हा दोष उजवीकडे अधिक आढळतो. आजीच्या माहेरच्या मुलांचा अंतर्गळ बहुधा बेंबीचा असावा, असें डॉक्टर म्हणाले. बेंबीचा फुगवटा बहुतेक मुलांत चारपांच वर्षांच्या आंत आपोआप मिटतो. नाणें बांधलें तरी मिटतो, न बांधलें तरी मिटतो. श्रेय तेवढें नाण्याला मिळतें. आणि नाण्याला फुकटचें श्रेय मिळण्याची जगांत ही कांहीं एकच जागा नव्हे! जांघेंतली पिशवी मात्र वाट पाहून मिटत नाहीं. तींत आंतडें अडकलें तर त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो, आणि मग जें काम सवडीनें करतां आलें असतें तें मध्यरात्रीं धांवपळींत करावें लागतें. "लहानसा छेद, पिशवीचें तोंड बांधावयाचें, अर्ध्या तासाचं काम," असें म्हणून डॉक्टरांनीं पेन खिशाला लावलें. आमच्या उन्हाळ्याच्या सुटीचा विचार करून मे महिन्यांतला एक दिवस ठरला.

शिकलेल्या माणसाला भीति वाटली म्हणजे तो देवळांत जाण्याऐवजीं ग्रंथालयांत जातो. मुलाची आजी सीताबर्डीच्या टेकडीच्या गणपतीला गेली, आणि दूर्वा वाहून शांत मनानें परत आली. आम्ही महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत गेलों, आणि हॅना ग्रीनरला भेटून आलों. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टनच्या रुग्णालयांत मॉर्टननें ईथर हुंगवून रोग्याला निजवलें, आणि शस्त्रक्रियेच्या मेजावरची किंकाळी थांबली. पुढच्याच वर्षीं नोव्हेंबरांत एडिंबरोच्या सिंप्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. त्याला तीन महिनेहि झाले नाहींत तों, २८ जानेवारी १८४८ रोजीं, इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला पायाच्या बोटाचें नख काढण्याकरितां क्लोरोफॉर्म देण्यांत आलें, आणि कांहीं मिनिटांतच ती मेली. क्लोरोफॉर्मखालचा नोंदला गेलेला पहिला मृत्यु तो हा. मधल्या दीडशें वर्षांत तें औषध मागें पडलें, नवीं आलीं, आणि रोग्याच्या बोटाला चिमटा लावून त्याच्या रक्तांतला प्राणवायु क्षणोक्षणीं मोजतां येऊं लागला, हेंहि आम्हीं वाचलें. पण भ्यालेल्या माणसाच्या डोक्यांत दीडशें वर्षांची प्रगति राहत नाहीं. एक नख तेवढें राहतें.

घरीं आल्यावर यांतलें आम्हीं कांहीं बोललों नाहीं. मुलाच्या आईनें मात्र आमच्या तोंडाकडे पाहून विचारलें, "कशाला वाचायला गेलांत?"

शस्त्रक्रिया सकाळीं आठाला होती. सुश्रुतसंहितेंत बहुतेक शस्त्रकर्मांपूर्वीं रोग्याला आवडेल तें खाऊं घालावें, आणि पिणारा असेल त्याला तीक्ष्ण मद्य द्यावें असें सांगितलें आहे. अन्नानें मूर्च्छा येत नाहीं, आणि मद्यानें शस्त्राची जाणीव राहत नाहीं, असें त्याचें कारण. आजचा नियम बरोबर उलट आहे. भुलेंत असतांना पोटांतलें अन्न उलटून श्वासनलिकेंत जाऊं नये म्हणून पोट रिकामें हवें. जेवण आणि वरचें दूध सहा तास आधीं बंद, आईचें दूध चार तास आधीं, साधें पाणी दोन तास आधीं. त्याप्रमाणें मुलाच्या आईनें रात्रीं दीडचा गजर लावून त्याला अर्धवट झोपेंत बसवून कपभर दूध पाजलें, आणि पहाटे साडेपांचाला दोन घोट पाणी. मे महिन्यांतल्या नागपुरांत पहाटेलाहि घसा कोरडा पडतो. कूलरच्या वाळ्याचा वास खोलींत भरला होता, आणि आम्ही उभयतां घड्याळाकडे पाहत बसलों होतों.

साडेसहाला तो पुरता जागा झाला आणि दूध मागूं लागला. त्याच्या आईनें त्याला खरें तेंच सांगितलें: "आत्तां दूध नाहीं मिळायचं, राजा. बाऊ बरा करायला डॉक्टरकाकांकडे जायचं आहे. मग दूध." दोन वर्षांच्या मुलाला यांतला 'नाहीं' तेवढा कळतो. त्यानें भोकाड पसरलें. रडला कीं जांघेंतला फुगवटा वर येई. तो वर आलेला दिसला, आणि आमचा धीर सुटला. आम्हीं त्याच्या चिमुकल्या चपला पुढें केल्या आणि म्हटलें, "चल, आपण भूर जाऊं!"

ज्यांच्या घरांत दोन वर्षांचें मूल आहे त्यांना या शब्दाचें सामर्थ्य सांगावयास नको. आमच्या घरीं भूर म्हणजे संध्याकाळीं स्कूटरवर पुढें उभें राहून फुटाळ्याचें पाणी पाहावयास जाणें, नाहीं तर महाराजबागेंत हरणें पाहणें. त्याच्या लहानशा शब्दसंग्रहांत याहून सुखाचा शब्द नव्हता. रडणें जागच्या जागीं थांबलें. गालांवर पाणी तसेंच असतांना तो हंसला, आणि चपला उलटसुलट पायांत घालून दाराशीं जाऊन उभा राहिला. त्याच्या आईनें आमच्याकडे एकदां पाहिलें, आणि ती पिशवी भरावयास आंत गेली. ऑटोरिक्षांत बसून आम्ही धंतोलीकडे निघालों तेव्हां रस्त्यांतल्या प्रत्येक गाईला तो हात हलवीत होता.

रुग्णालयांत एक छापील संमतिपत्र पुढें आलें. तें इंग्रजींत होतें. इंग्रजी शिकवून आमचा चरितार्थ चालतो. तरीहि त्या पानांतल्या व्याकरणाच्या तीन चुका तेवढ्या आम्हांस आज आठवतात, कारण बाकीच्या मजकुराकडे सरळ पाहण्याचें धैर्य नव्हतें. 'मृत्यु' हा शब्द मात्र शुद्ध लिहिलेला होता. आम्हीं सही केली आणि तारीख चुकीची घातली; परिचारिकेनें ती खोडून पुन्हां लिहावयास लावली. ज्याच्या शरीराबद्दल ही संमति होती तो गृहस्थ बांकावर उभा राहून भिंतीवरच्या चित्रांतले ससे मोजीत होता. एक, दोन, पांच.

भूल देणाऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, तो झोपीं गेल्यावर पाठीच्या तळाशीं एक इंजेक्शन देतील, म्हणजे कमरेखालचा भाग कांहीं तास बधिर राहील, आणि जागा झाल्यावर त्याला दुखणार नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "त्याला काय सांगितलं आहे तुम्हीं?"

"भूर जायचं आहे, असं," आम्ही म्हणालों.

त्या क्षणभर कांहीं बोलल्या नाहींत. मग "बरं," म्हणाल्या, आणि त्यांनीं हात पुढें केले.

तो जाईना. आमच्या खांद्याला त्यानें घट्ट धरलें. तेव्हां आम्हीं तें खोटें दुसऱ्यांदां सांगितलें: "जा राजा, काकूंबरोबर भूर जा." आणि तो गेला. या गोष्टींतलें खरें दुःख हेंच कीं तो गेला. त्याचा आमच्या शब्दावर विश्वास होता. बाईंच्या खांद्यावरून त्यानें टाटासुद्धां केलें. दार झुलून मिटूं लागलें तेव्हां, आपण जातों आहोंत आणि हा येत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. "बाबा पन! बाबा पन!" असें तो ओरडला. दार मिटलें. आंतून रडें ऐकूं येत होतें; आणि मग तें एकाएकीं थांबलें. औषधानें थांबलें हें आम्हांस कळत होतें. पण त्या शांततेंत हॅना ग्रीनर येऊन आमच्या शेजारीं बांकावर बसली.

त्या चाळीस मिनिटांचें वर्णन आम्ही करीत नाहीं. ज्यांनीं अशा बांकावर बसून पाहिलें आहे त्यांना तें नको, आणि ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांना तें कळावयाचें नाहीं. एवढेंच सांगतों कीं, मुलाची आई स्वस्थ बसली होती, आणि आम्ही येरझारा घालीत होतों. फरशी पुसणारी मावशी दोनदां आमच्या पायांशीं येऊन थांबली, तिसऱ्यांदां म्हणाली, "काऊन घाबरता, भाऊ? लेकरू हाये. उद्या पाहा, कसं पळाले लागते तें." आजवर ऐकलेल्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षां तें वाक्य आम्हांस अधिक उपयोगीं पडलें. आणि तें खरेंहि ठरलें.

डॉक्टर बाहेर आले; सर्व ठीक झालें होतें. थोड्या वेळानें मुलाला आणलें. अर्धवट उघडे डोळे, कोरडे ओठ, आणि कोणाचाच नसलेला असा एक घोगरा आवाज. आम्ही वांकलों. त्यानें आमच्याकडे पाहिलें, ओळखलें, आणि तोंड फिरवून आईच्या मानेंत खुपसलें. "गुंगींत आहे," परिचारिका म्हणाली. असेलहि. संध्याकाळीं त्याला घरीं नेण्याची परवानगी मिळाली. तिसऱ्या दिवशीं तो खरोखरच पळूं लागला. आणि जखम आठवड्यांत भरली.

पुढच्या रविवारीं संध्याकाळीं आम्हीं स्कूटर बाहेर काढली, चपला घेतल्या, आणि नेहमींच्या आवाजांत म्हटलें, "चला, भूर!" तो जागीं थिजला. मग धांवत जाऊन त्यानें स्वयंपाकघराच्या दाराची कडी दोन्हीं हातांनीं धरली, आणि असा रडला कीं शेजारीं विचारावयास आले. पुढचे दोन महिने, आम्हीं चप्पल घातली कीं तो आईमागें लपे. फुटाळा तोच होता, हरणें तींच होतीं. शब्द मात्र नासला होता. ज्याचा सारा जन्म मुलांना शब्दांचीं मोलें सांगण्यांत गेला आहे, त्यानें आपल्या मुलाच्या जवळच्या पन्नासएक शब्दांतला सर्वांत गोड शब्द एका सकाळीं खोट्या नाण्यासारखा चालवला होता. आम्हीं तो पुन्हां उच्चारला नाहीं, आणि घरांतूनहि तो हळूहळू गेला.

"लहान आहे, विसरेल," असें सर्वांनीं आमचें समाधान केलें. आणि तो विसरलाहि. पण 'लहान आहे, विसरेल' या बोलण्याला केवढा इतिहास आहे, हें आम्हांस पुढच्या वाचनांत कळलें, आणि तेव्हांपासून त्या समाधानाची आम्हांस भीति वाटते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतल्या पुष्कळ रुग्णालयांत मुलाला दाखल केलें कीं आईबापांनीं ठराविक वारीं, ठराविक वेळींच भेटावें, असा नियम असे. आईबाप आले कीं मूल रडतें, न आले तर निमूट पडून राहतें. तेव्हां भेटीच वाईट, असा तेथला अनुभव होता. १९५२ सालीं जेम्स रॉबर्टसन यानें रुग्णालयांत गेलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट केला. लॉरा तिचें नांव. बेंबीच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेकरितां ती आठ दिवस तेथें होती. ती फारशी रडत नाहीं. आणि तिचें तें न रडणेंच पाहणाऱ्याला सोसवत नाहीं. निमूट मूल म्हणजे समाधानी मूल नव्हे, एवढीच गोष्ट तो चित्रपट सांगतो. १९५९ सालीं तिकडच्या प्लॅट समितीनें आईबापांच्या भेटींवरचीं बंधनें उठवावीं आणि लहान मुलांच्या आयांना त्यांच्याजवळ राहूं द्यावें, अशी शिफारस केली. वास्तविक ग्लासगोच्या जेम्स निकोलनें हें अर्धशतक आधींच जाणलें होतें. १९०९ सालीं त्यानें दहा वर्षांतल्या ८,९८८ शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या साऱ्या मुलांना रुग्णालयांत न ठेवतां घरीं पाठविलें होतें, कारण आईच्या कुशीहून बरी खाट रुग्णालयाजवळ नाहीं असें त्याचें मत होतें. आमचें मूल त्याच संध्याकाळीं घरीं आलें, त्याचें थोडें ऋण या निकोलकडे पोंचतें.

याहून कठोर गोष्ट पुढेंच आहे. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत अगदीं तान्ह्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर शस्त्रक्रिया करतांना स्नायु ढिले करणारें औषध देत, पण वेदना मारणारें औषध पुष्कळदां जवळजवळ देतच नसत. औषध सोसणार नाहीं ही भीति हें एक कारण. आणि या जिवाला अजून वेदना कळत नाहींत, कळल्या तरी लक्षांत राहत नाहींत, हें दुसरें. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं हा समज मोडून काढला. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बंद करण्याच्या शस्त्रक्रियेंत ज्या अर्भकांना वेदनाशामक औषध नीट दिलें, त्यांच्या शरीराला कमी धक्का बसला आणि मागाहून उपद्रवहि कमी झाले, असें त्यांनीं प्रयोगानें दाखविलें. पुढें १९९७ सालीं टोरोंटोच्या संशोधकांना असें आढळलें कीं, ज्यांची सुंता बधिर न करतां झाली होती तीं मुलें चारसहा महिन्यांचीं झाल्यावर लस टोंचतांना इतर मुलांहून अधिक कळवळलीं. त्यांना आठवत कांहींच नव्हतें. तरी कोठें तरी नोंद होती.

आमच्या मुलाच्या वांट्याला हें कांहीं आलें नाहीं. तो सुधारलेल्या काळांत जन्मला, आणि त्याला दिलेली भूल चोख होती. आपल्या भाषेंत हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. भूल म्हणजे मोह, भूल म्हणजे विसर, हिशेबाच्या वहींत चुकीच्या शेजारीं बसते ती भूल, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं देतात तीहि भूल. डॉक्टर बाईंनीं त्याला शेवटची भूल दिली. आम्हीं दिली ती नुसती भूलथाप. बाईंची भूल वेदना टाळण्याकरितां होती, आणि ती कोणाकरितां आहे याबद्दल त्यांच्या मनांत घोटाळा नव्हता. आमचा घोटाळा होता. आम्ही समजत होतों कीं खोटें त्याच्याकरितां बोललों. आतां वाटतें, त्याचें रडणें आम्हांस पाहवत नव्हतें. भूल आम्हांलाच हवी होती, आणि ती त्याच्या खर्चानें आम्हीं घेतली.

मग काय सांगावयास हवें होतें? दोन वर्षांच्या मुलाला पिशवी, आंतडें आणि भूल कशी समजावून सांगावी? तें आम्हांस अजूनहि येत नाहीं. पण त्याच्या आईनें सकाळीं सांगितलें तेवढें पुरे होतें: दूध नाहीं, बाऊ बरा करायचा, मग दूध. तो रडला असता. दाराशीं 'बाबा इथं बसतात' असें आम्ही म्हणालों असतों, तरी रडला असता. पण त्याचें तें रडणें भुकेचें आणि परक्या माणसाच्या भीतीचें असतें. फसवलें गेल्याचें नसतें. जागा झाल्यावर तो ज्या मानेंत तोंड खुपसून राहिला ती खरें बोलणाऱ्या माणसाची होती, हा केवळ योगायोग असेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आतां पुष्कळ ठिकाणीं मूल झोपीं जाईपर्यंत आईबापांपैकीं एकाला आंत जवळ बसूं देतात, असें ऐकतों. ज्यांना ती संधि मिळेल त्यांनीं ती घ्यावी. रडणाऱ्या मुलाचा हात धरून बसणें कठीण आहे. पण पंचवीस वर्षें जड जाईल असें त्यांत कांहीं नाहीं.

मूल विसरलें म्हणजे आपण सुटलों, हा हिशेब चुकीचा आहे. ज्याला आठवत नाहीं त्याच्याशीं कसेंहि वागलें तरी चालतें, हीच तर अर्भकांना वेदनाशामक न देणाऱ्यांची समजूत होती. ते शहाणे आणि कनवाळू लोक होते, आणि तरीहि ती चूक त्यांनीं वर्षानुवर्षें केली. उलट, एकजण विसरला म्हणजे ती गोष्ट लक्षांत ठेवण्याचा सारा भार दुसऱ्यावर पडतो. क्षमा करावयाची तर ज्याला आठवतें त्यानें करावी. ज्याला आठवतच नाहीं त्याच्याकडून ती कशी मिळावी? त्याला आधीं सांगावें लागतें.

म्हणून त्याच रात्रीं आम्हीं चिरंजीवांना पुन्हां फोन लावला, आणि वर लिहिलें आहे तें सर्व, ग्लासगो आणि टोरोंटो वगळून, सांगितलें. तो मधें बोलला नाहीं.

"बाबा, मला यांतलं कांहीं आठवत नाहीं," तो शेवटीं म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच सांगितलं."

कांहीं वेळ पलीकडून नुसता पुण्याच्या रहदारीचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "एक मात्र आठवतं. धाकटी लहान असतांना शेजारचे आजोबा तिला 'चल, भूर जाऊं' म्हणाले, तर तुम्ही एकदम पुढं होऊन म्हणालांत, 'भूर नका म्हणूं, कुठं नेतां तें नांव घेऊन सांगा.' ते बिचारे गोंधळून गेले. 'कोपऱ्यावरच्या दुकानांत,' असं म्हणाले. मला तेव्हां तुमचं फार हंसूं आलं होतं."

आम्हीं पुष्कळ आठवून पाहिलें. ती गोष्ट आम्हांस मुळींच आठवत नव्हती.